कार्ड नसलेली आत्या

बिडी वळताना आत्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलेलं मला आठवत नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेला तेंदूपत्ता. बोटं आपली चालत, आणि डोळे मात्र कुडवा गावातल्या आमच्या गल्लीतून कोण चाललंय यावर. "काऊन मास्तर, आज शाळेले दांडी मारून राहिले का?" हे ती हात न थांबवता विचारी. मी शेजारी भाड्याने राहत होतो; सगळ्या गल्लीसारखा मीही तिला आत्याच म्हणे. माझ्या येण्याजाण्याची खबर हेडमास्तरांपेक्षा तिच्याकडे पक्की असे.

नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती कायमचीच. पुढे भाऊही गेला आणि घरात नणंद-भावजय उरल्या. दोघींचं भांडण रोजचं आणि जेवण एका ताटातलं. दुपारी गल्लीतल्या बायका आपापली सुपं घेऊन तिच्याच अंगणात बसत. "एकटी बसली बाई त पत्ता बी लवकर वाळते," असं ती म्हणे. एखादी आली नाही, तर हाका मारमारून तिला घराबाहेर काढी. तो आवाज माझ्या रविवारच्या झोपेचा वैरी होता.

बिडी कामगारांची ओळखपत्रं निघाली तेव्हा गल्लीतले अर्ज मीच भरले. त्या कार्डावर कामगार दवाखान्यात औषध मिळे, मोठ्या आजारात नागपूरला पाठवायची चिठ्ठीही मिळे. विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो तो, एवढंच ठाऊक असलेल्या आमच्या गल्लीला आजारपणात तेवढाच आधार. आत्याने मात्र अर्ज भरू दिला नाही. "एका चुलीवर दोन कार्ड कायले? माह्या बिड्या वहिनीच्याच नावावर जातेत." अशी दुसरीच्या नावावर बिड्या वळणारी एखादी नणंद, एखादी सासू घरोघरी होती. मी हसून कागद फाडला. तेव्हा दोन शब्द जोरात बोलायला हवे होते, हे अजून मनाला खातं.

स्वाईन फ्लूच्या साली आत्या पुतणीचं बाळंतपण करून पुण्याहून परतली आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणली. गल्लीला 'पुणे' एवढा एकच शब्द पुरला. अंगण ओस पडलं. ठेकेदाराने वहिनीच्याही बिड्या घेतल्या नाहीत. आत्या मागच्या खोलीत, वहिनी उंबऱ्यावर पेज ठेवून मागे सरे. आणि मी, एवढा शिकलेला, तोंडाला रुमाल बांधून कुंपणावरूनच विचारपूस करी. सांगायला लाज वाटते.

सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की आत्या म्हणे, "तिथं अलग खोलीत टाकतेत. माणूस दिसत नाई." इथे तरी कोण दिसत होतं! पण वहिनीचा आवाज येत होता.

एका सकाळी वहिनी दाराशी रडत म्हणाली, "बाई, माहं कार्ड घेऊन कामगार दवाखान्यात जा न वं. फोटो कोन पाह्यते?"

आतून खोकत उत्तर आलं, "अन् मी तिथं मेली त? कागदावर तू मरशील. मंग जित्या बाईचं कार्ड बंद, काम बंद. खाशील काय?"

मग दोघी नेहमीसारख्या भांडल्या, फक्त मधे दार होतं.

पाचव्या दिवशी तिला धाप लागली तेव्हा मी कुंपण ओलांडलं. रिक्षात तिला धरून बसलो आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिच्यात नको म्हणायचीही ताकद नव्हती. भरतीचा फॉर्म माझ्या हातात आला. नाव लिहिलं, वय लिहिलं. व्यवसायाच्या रकान्याशी पोचलो, तशी तिने माझी बाही ओढली.

"बिडी लिहू नोका मास्तर. कार्ड मागतीन, मंग माह्या बिड्या वहिनीच्या नावावर जातेत हे बाहेर निघन. घरकाम लिहा."

मी लिहिलं. तिला आत नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. वहिनीला ती काचेतूनच दिसली.

महिन्याभराने वहिनीने दवाखान्याचा कागद माझ्यापुढे धरला. "बाईचं काय काय लिहिलं हाये, वाचून दाखवा न मास्तर."

मी नाव वाचलं. वय वाचलं. पुढचा व्यवसायाचा रकाना मला वाचवेना.