रस्त्याला सहा हात कमी

करुणा गेली त्या दुपारी मी परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक होते. फोन स्टाफरूमच्या कपाटात. पेपर संपला, उत्तरपत्रिका जमा केल्या आणि येऊन पाहते तर एकाच नंबरचे सात कॉल... तिच्या घरमालकाचे, नानांचे. उलट फोन लावला. "मॅडम, तायडेबाई गई..." एवढंच नाना म्हणाले. मागून करुणाच्या वडिलांचा आवाज येत होता. ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चल... चल..."

करुणा तायडे आमच्या जळगावच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. मी कायम नोकरीत, ती तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि दर मार्चमध्ये नोकरी संपलेली. अशी चौदा वर्षं. ती मूळची वरणगावची. वडील, म्हणजे आबा, तिथल्या कारखान्यात होते. आई ती शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. एम.एस्सी. झाल्यावर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत तिची संशोधनासाठी निवड झाली होती. तिकीट काढलं, बॅग भरली, आणि त्याच आठवड्यात आबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तिने संस्थेकडे सहा महिन्यांची मुदत मागितली. मग आणखी सहा महिन्यांची... मग तिकडून पत्रं येणं थांबलं. उपचारांसाठी ती आबांना घेऊन जळगावला आली, शहराच्या टोकाला दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच राहिली.

आबांना दर चार तासांनी कूस बदलून द्यावी लागे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. करुणाचं सगळं जगणं त्या चार तासांत बसवलेलं होतं. कॉलेजचे तास, भाजी, औषधं, सगळं. एकदा धुळ्याला एक चांगलं चर्चासत्र होतं, मी म्हटलं चल, माझ्या गाडीतून जाऊ, संध्याकाळी परत. तिने मनाशी हिशेब केला आणि हसून मान हलवली. "धुळ्याला जाऊन यायचं म्हणजे दोन कुशी चुकतात, ताई." त्या हसण्यात तक्रार नव्हती, आणि मला तेच सहन झालं नाही.

तिच्या डोक्यात वाळू कशी शिरली ते मला नक्की माहीत आहे. नानांचा पूर्वी वाळूचा धंदा होता. तिच्या खोल्यांपुढचं मोकळं आवार म्हणजे त्यांची जुनी साठवणुकीची जागा, घोटाभर वाळू तिथे कायमची राहून गेलेली. आबांची चाकाची खुर्ची दारातून बाहेर काढली की दोन हातांवर रुतायची. रस्ता समोर दिसत असे, पण तिथवर पोहोचायला दोन धडधाकट माणसं लागत, आणि दिवसा आसपास कोणी नसे. करुणाने नानांना विचारलं, एक अरुंद पट्टी सिमेंटची करून घेऊ का? नाना तसे भले, पण भाडेकरूने पक्कं बांधकाम केलं की जागा हातची जाते अशी त्यांना धास्ती. "बाई, बाकी काय बी करा. सिमेंटनं एक घमेलं बी टाकानं नही."

मातीत असे काही जिवाणू असतात, जे युरिया फोडतात. त्यांना सोबत कॅल्शियम मिळालं की वाळूच्या कणांमध्ये चुनखडीचे बारीक स्फटिक धरतात आणि सुटी वाळू दगडासारखी बांधली जाते. भट्टी नाही, कोळसा नाही. जगभर लोक यावर काम करताहेत, हे करुणा वर्गात शिकवायची. आता ते तिला करून बघायचं होतं. विभागाची प्रयोगशाळा मागितली तर उत्तर आलं, तासिकेवरच्या शिक्षकांना संशोधनासाठी जागा देता येत नाही. त्या बैठकीत मी होते. जिवाणू वाढवायचा इन्क्युबेटर आमच्या दोन्ही विभागांत सामायिक, त्याच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी काही बोलले नाही... हे लिहिताना मी तीनदा खोडलं आहे, पण राहू दे.

मग तिने स्वयंपाकघरच प्रयोगशाळा केलं. जिवाणूंसाठी शेजारच्या गोठ्यातली माती, शेतीच्या दुकानातला युरिया. अंडाभुर्जीच्या गाड्यांवरून टरफलं गोळा करायची, धुऊन, कुटून व्हिनेगरमध्ये विरघळवायची, ते तिचं कॅल्शियम. आधी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये वाळू भरून पाहिली. वर्षभर नुसता लगदा. एका रविवारी तिने मला बोलावलं, सिरिंज कापली आणि आतली वाळूची कांडी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती टेबलावर आपटली. वाजली! करुणा आबांकडे गेली आणि त्यांच्या डाव्या हातात ती कांडी दिली. त्यांनी ती चावून पाहिली. आम्ही दोघी इतक्या हसलो...

घरात अमोनियाचा वास भरून राहायचा, डोळे चुरचुरायचे. "याला पर्यावरणाचं म्हणायचं तर आधी हा वास मिटवला पाहिजे," असं ती स्वतःच म्हणायची. निथळलेलं पाणी पातळ करून लिंबाला घालायची, उरलेलं कुठे जातं याची तिला काळजी असे. जिवाणूंना ठरल्या वेळी खुराक लागायचा, तोही तिने आबांच्या कुशीबरोबर बांधून घेतला. म्हणजे आता तिला अडकवणाऱ्या दोन खुंट्या झाल्या होत्या. मी तसं म्हणालेही. तर म्हणाली, "एक बांधून ठेवते ताई, दुसरी सोडवेल कदाचित."

दारापासून रस्त्यापर्यंत बत्तीस हात. एक हात वाळू घट्ट बसायला आठवडा, कधी दोन. उन्हाळ्यात द्रावण मुरण्याआधीच उडून जायचं, पावसाळ्यात केलेलं वाहून जायचं. एकदा नाना आले, चपलेने ठोकून पाहिलं आणि भडकले. "मी सांगेल व्हतं ना, सिमेंट नही! मंग हाई काय शे?"

"सिमेंट नाही नाना, जिवाणू आहेत."

"जिवानू? म्हंजे किडा?"

"तसंच काहीतरी."

नानांनी वाकून पट्टीवर नख ओढून पाहिलं. मग म्हणाले, "किडासले मना नही." किड्यांना मनाई नाही! त्यानंतर गोठ्यातली माती तेच आणून देऊ लागले.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी पट्टी सव्वीस हातांवर आली होती. तेव्हाच तिला ताप आला. साधा म्हणून तिने अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, दाखल हो. "मी दाखल झाले तर आबांना कोण फिरवेल?" मी सुट्टी टाकते म्हणाले. ती म्हणाली, उद्या बघू. ती अखेर दवाखान्यात गेली तेव्हा रक्तातल्या पेशी फार खाली आल्या होत्या. दोन दिवसांत सगळं आटोपलं.

तिला नेताना वस्तीतल्या लोकांनी त्रिसरण म्हटलं. तिला उचलून पुढे नेलं आणि मागून नानांनी आबांची खुर्ची पट्टीवरून ढकलत आणली. सव्वीस हात खुर्ची सरळ गेली, कुठे अडली नाही. मग वाळू लागली आणि चाकं रुतली. चौघे उचलायला धावले. आबांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. ते तिथेच बसून राहिले, आणि गर्दी वळणाआड जाईपर्यंत बघत होते.

आता चाळीसगावहून त्यांची बहीण येऊन राहिली आहे. तिचेही गुडघे गेलेत, पण दर चार तासांनी ती उठते. मी रविवारी जाते. करुणाच्या वहीत सगळी मापं लिहिलेली आहेत, तशीच घेऊन मी आणि तिचे दोन विद्यार्थी उरलेली वाळू भिजवतो. आमची बसत नाही. दुसऱ्या दिवशी बोट लावलं की भुगा. आबा पट्टीच्या टोकाला खुर्चीत बसून बघत असतात.

गेल्या रविवारी वीतभर जागा घट्ट बसली. मी टाच मारून पाहिली, तुटली नाही. आबांकडे पाहिलं तर त्यांनी ब्रेक काढला होता. डाव्या पायाने जमीन रेटून त्यांनी खुर्ची थोडी पुढे ढकलली. पुढची लहान चाकं त्या वीतभर जागेवर चढली आणि थांबली. त्यापुढे वाळूच होती. "चल," आबा म्हणाले.

मी खुर्चीचे दांडे धरून तशीच उभी राहिले.