फोटोपुरती माणसं

"पदर काढ गं म्हातारे. तोंड दिसंना."

बाळूनं माझ्या मायला असं म्हणलं. दिवसाढवळ्या, पांदण रस्त्यावर, वीस बायांसमोर. बाळू आमच्या गावचा रोजगार सेवक. रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेतो. आबाचा भाचा. आणि आबा म्हणजे आमच्या गावचं सगळं राजकारण. सून सरपंच हाय, पण सही तेवढी तिची, बाकी कारभार आबाचा.

माय साठीच्या पुढची. तिनं कपाळावरचा पदर थोडा मागं सारला. बाळूच्या हातात मोबाईल.

"अजून मागं घे. आता डोळं मिचकाव. मिचकाव की."

मायच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. ऊन समोरून. ती डोळं मिटायची आणि लवकर उघडायचीच न्हाई. मोबाईल काय तिला माणूस म्हणून धरंना. पाचदा झालं, सहादा झालं. लिंबाखाली खोदायचं मशीन उभं हुतं, त्याचा ड्रायव्हर हसाय लागला. मग बाळू पुढं आला आणि त्यानं आपल्या हातानं मायचा पदर मागं ओढला. तो खांद्यावर पडला. मायचे पांढरे केस मी घराबाहेर पहिल्यांदा उघडे बघितले.

मी शेजारीच उभी हुते. मी काय केलं? काहीच न्हाई. माझी पाळी आली तशी मीबी तोंड पुढं केलं, डोळं मिचकावलं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून लोक मला लई धीट समजतात.

त्या पदराचं सांगते. माय लग्न होऊन ह्या गावात आली तवाची गोष्ट. डोक्यावरचा पदर सरकलेला आणि ती पारावरनं चालली हुती. पारावर आबाचे वडील बसलेले. त्यांनी तिला तिथनं माघारी लावलं. वेशीपस्तोर परत जा, पदर घे, मग ये. माय गेली, पदर घेतला, परत आली. आमची वस्ती बुद्धविहाराच्या मागं, आणि तिकडं जायला रस्ता पारावरनंच. तवापस्नं त्या घरचं कुणीबी दिसलं की मायचा हात आपोआप डोक्याकडं जातो. आता त्याच घरचं पोरगं म्हणतं, पदर काढ. म्हणजे घ्यायचा कधी आणि काढायचा कधी, हे दोन्ही तेच ठरवणार.

मोबाईलवरच्या हजेरीचा नियम दिल्लीचा. सकाळी एक फोटो, दुपारनं एक. सकाळचा अकराच्या आत गेला न्हाई तर त्या दिवसाची हजेरी न्हाई. खोटी नावं लावून लोक पैसे खातात, म्हणून खरं तोंड दाखवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं काय वाईट न्हाई. पण नियम करणाऱ्याला वाटलं, तोंड हाय म्हणजे माणूस कामावर हाय. इथंच ते फसले. आबा न्हाई फसले.

आमच्याकडं काय व्हायचं, तर फोटो झाला की बाळू म्हणायचा, "चला, निघा. चारला या." आम्ही वळलो की मशीन सुरू. रस्ता जायचा आबाच्या मोसंबीच्या बागेकडं. आम्ही दिवसभर घरी. दुसरीकडं मजुरीला जावं तर चारला परत उभं राहायचं. मजुरी आमच्याच खात्यावर यायची, आमच्याच अंगठ्यानं आबाच्या ओट्यावरच्या बँकेच्या यंत्रातनं निघायची आणि तिथंच ठेवून घेतली जायची. आमच्या हातावर फोटोचे म्हणून काहीतरी टेकवायचे. किती ते सांगत न्हाई. लाज वाटती.

आणि पहिल्या दिवशी माय चौदा एप्रिलची पांढरी साडी नेसून गेलती. दिल्लीला फोटो जातोय म्हणून. रात्री जेवताना मला विचारलं, "तिकडं कोन बगत आसंल गं आपला फोटो?" मी म्हणले, बघत आसंल कुणीतरी साहेब. खरं तर मला माहीत हुतं, कुणी बघत न्हाई. कुणी बघितलं असतं तर वीस बायांच्या मागं उभं असलेलं एवढं मोठं मशीन दिसलं नसतं?

पदर ओढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरनं टिकाव घेऊन गेले. फोटो झाल्यावर सगळ्या निघाल्या, मी खोदाय लागले. बाळू आला. टिकावाच्या दांड्यावर पाय ठेवला.

"तुला कुणी सांगितलं खोदायला? तुझं तोंड पायजे, हात न्हाई."

मी बारावी झालेली. वाचता येतं, बोलता येतं. तरी टिकाव तसाच घेऊन घरी आले. घरात बसवंना, बाहेर उभं राहवंना.

त्याच संध्याकाळी पारावर आबाची सभा. निवडणूक तोंडावर आलेली. चारच्या फोटोनंतर पांदणीवरनं आम्हालाच टेम्पोत भरून नेलं, पुढं बसवलं. आबा माईकवर म्हणले, "रोजगार हमीनं मजूर बिघडला. बसून खायची सवय लागली. कापूस वेचायला बाई मिळंना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या दोघींनीबी वाजवल्या, सवयीनं. आबाचं असंच. मजुरी आली की मी आणली, अडकली की दिल्लीत अडकली. मतदान दिल्लीचं असलं की सगळं दिल्लीनं दिलं, मुंबईचं असलं की मुंबईनं दिलं. आम्ही मात्र कुठल्याच देण्यात न्हाई, नुसत्या घेण्यात.

घरी आल्यावर माय चुलीपुढं बसली. मग म्हणली, "बाहत्तरच्या दुष्काळात मी आठ वर्साची. माझ्या मायसंगं खडी फोडाय जायची. मुकादम लई शिव्या द्यायचा. पर सांजच्याला थप्पीला टेप लावायचा. माझ्या हातानं फोडल्यालं मोजायचा. ह्ये तर काय मोजतबी न्हाईत."

त्या दुष्काळानंतर आपल्या राज्यानं काम हक्काचं केलं. मग दिल्लीनं तेच सगळ्या देशाला लावलं. ज्या कामावर लहानपणी माझ्या मायची बोटं फुटली, त्याच कामावर आता तिचं फक्त तोंड लागत हुतं. त्या रात्री मला झोप आली न्हाई.

सकाळी ग्रामपंचायतीत गेले. काम मागायचा अर्ज दिला आणि तारीख घातलेली पोच मागितली. ग्रामसेवक म्हणले, "अर्ज ठेवून जा की. पोच कावून पायजे? इश्वास न्हाई का?"

पोच का देत न्हाईत ते मी वाचलेलं हुतं. पोचेवर तारीख पडली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं. न्हाई दिलं तर बेकारीचा भत्ता. आणि तो भत्ता दिल्ली देत न्हाई, राज्याच्या खिशातनं जातो. म्हणून वरनं खालपस्तोर कुणीच पोच देत न्हाई. आम्ही काम मागितलंच न्हाई, असं कागद म्हणतो.

पोच न घेताच पांदणीवर गेले. साडेदहा झाले असतील. तेवढ्यात आबाची गाडी आली. रस्ता बघायला आबा स्वतः आलते. गाडीचं दार उघडलं आणि मायचा हात गेला डोक्याकडं. नेहमीसारखा.

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी माझा पदर घेतला आणि हनुवटीपस्तोर खाली ओढला.

"ए, तोंड दाखव," बाळू म्हणला.

"आबा समोर हायेत," मी म्हणले. "मोठ्या माणसासमोर तोंड दाखवायचं न्हाई, ह्येच शिकवलंय आमाला पारावर. मशीन बंद करा. काम मोजून द्या. मग आबा जातील, आमी पदर काढू."

मायनं तिचा पदर खाली ओढला. मग तिच्या शेजारणीनं. मग आबाच्या भावकीतली एक विधवा हुती, तिनंबी. एकामागं एक वीसच्या वीस. पदराच्या आत काही दिसत न्हाई, नुसता मशीनचा आवाज येत हुता आणि बाळूच्या चपला इकडून तिकडं.

"मामा, अकराला दहा कमी हायेत," तो आबाला म्हणत हुता. मग मायपुढं येऊन थांबला.

माय पदराच्या आतनंच म्हणली, "आज हात लावून बग, बाळू."

जन्मात पहिल्यांदा ती त्याला बाळूदादा म्हणली न्हाई. त्यानं हात लावला न्हाई. अकरा वाजून गेले.

आबा ओरडले न्हाईत. गाडीत बसता बसता म्हणले, "काम बंद. बसा आता पदर घेऊन घरात." आणि खरंच काम बंद झालं. आमचं नाव घरकुलाच्या यादीतनं गेलं. दुकानदार उधारीवर सामान देईना, वरनं सूचना हाय म्हणाय लागला. वीसमधल्या चौदाजणी परत फोटोला उभ्या राहिल्या, आता दुसऱ्या शिवारात. त्यांचा मला राग येतो. खोटं कशाला बोलू, लई येतो. पण त्यांच्या घरात काय शिजतं हेबी मला माहीत हाय.

आम्ही सहाजणी उरलो. दर सोमवारी तहसीलला जातो, अर्ज देतो, पोच मागतो. अजून मिळाली न्हाई. मधी बातमी आली, दिल्लीनं कायदाच बदलला. नाव नवं, दिवस जास्त, पण राज्यानंबी आपला मोठा वाटा टाकायचा. कुणी किती टाकायचे ह्यावर वर भांडण चाललंय म्हणे. आबा पारावर मला बघून म्हणले, "जुनी योजना गेली आता. कुणाकडं मागतीस पोच?"

मी थांबले. डोक्यावर पदर नव्हता. माघारी वेशीपस्तोर गेले न्हाई.

"तुमच्याकडंच," मी म्हणले.

नव्या कायद्यातबी फोटो लागणार, असं बाळूच सांगत फिरतोय. लागू दे. टिकाव घासून दाराशी ठेवलाय. तो चालल्याशिवाय माझं तोंड कुणाच्या मोबाईलात जाणार न्हाई. मायचंबी न्हाई.