जुन्या ऑफिसात राहिलेली पेटी

शनिवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मामा नव्या ऑफिसात फरशीवर मांडी घालून शेवटच्या टेबलावरच्या फोनचा पत्ता बदलत होते. ही शाखा लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीची. मामा तिथले फोन सांभाळतात. त्यांच्या आक्काची, म्हणजे थोरल्या बहिणीची, मुलगी काही महिने या शाखेत नोकरीला होती. ती मामा म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले. ती सोडून गेली, मामा राहिले. मॅनेजर वयाने मोठे आहेत, तेही मामाच म्हणतात.

ऑफिसातले फोन आता कॉम्प्युटरच्या जाळ्यावर चालतात. प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. ऑफिस हललं की ते आकडे बदलावे लागतात, नाहीतर फोन टेबलावर नुसता शोभेला. मामांनी अशी बरीच ऑफिसं हलवली आहेत. त्यांची पद्धत ठरलेली आहे: आधी टेबलांवरचे फोन, शेवटी पेटी. पेटी म्हणजे चपलांच्या खोक्याएवढं यंत्र. बाहेरची टेलिफोनची तार तिच्यात येते, आणि ती कॉल आतल्या फोनांकडे पाठवते.

या वेळी एवढाच फरक होता की टेलिफोन कंपनी नव्या जागेत तार सोमवारी आणणार होती. तोवर पेटी जुन्या ऑफिसातच राहायची, कॉल तिथे घ्यायची आणि जाळ्यावरून इकडे पाठवायची. ही व्यवस्था मामांनीच सुचवली होती. शेवटचा फोन झाला तसा त्यांनी लॅपटॉपवर पेटी उघडली, हाताच्या सवयीने तिला नवा पत्ता दिला आणि सेव्ह केलं. पडद्यावर चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं.

आजवर प्रत्येक वेळी पेटी त्यांच्या गुडघ्याशी असायची. आज ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि दिलेला पत्ता तिथल्या जाळ्यात बसत नव्हता. ती चालू होती, पण इकडून तिला हाक मारायची सोय संपली होती.

समोर ताई बसल्या होत्या. शाखेचा मुख्य फोन त्यांच्याकडे असतो. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं घंटेचं बटण दाबतो, ते बटण शाखेचा नंबर लावतं, आणि ताई विचारतात की कुठली इमारत, आत किती जण. मग सांगतात, खाली बसून घ्या, दाराला हात लावू नका, माणूस निघालाय. मेकॅनिक म्हणतात, ताईंचा आवाज ऐकून लोक रडायचे थांबतात. ताईंचं म्हणणं, थांबत वगैरे नाहीत, बाईमाणसासमोर लाजतात.

"आज फार शांत आहे हो मामा," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातून पेटी गेली, ताई."

त्यांना आधी वाटलं, टेम्पोतून पडली. मामांनी समजावलं. ताईंनी स्वतःच्या मोबाइलवरून शाखेचा नंबर लावला. कानात रिंग वाजत होती, टेबलावरचा फोन गप्प होता. त्यांनी मोबाइल मामांच्या कानाला लावला.

फोन वाजत नव्हता याचा अर्थ कुठेच कोणी अडकलेलं नाही, असाही होता. खरं काय, हे त्या खोलीत बसून कळायला मार्ग नव्हता.

टेलिफोन कंपनीने ऐकून घेतलं. नंबर दुसरीकडे वळवायचा तर सहीचा अर्ज लागेल, अर्ज घेणारा विभाग सोमवारी उघडेल. मॅनेजर म्हणाले, जुन्या ऑफिसची किल्ली दुपारी बारालाच मालकाला दिली, पेटी तेवढी सोमवारपर्यंत राहू द्यायला तो कबूल झालाय. मालक भाचीच्या लग्नाला परगावी निघालेला, किल्ली त्याच्या खिशात. ताई ओळखीच्या इमारतींच्या रखवालदारांना मोबाइलवरून एकेक करून सांगू लागल्या. निम्मे उचलत नव्हते. उचलणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, मग आज लिफ्ट बंद ठेवू का? ताई म्हणाल्या, ठेवा. तो म्हणाला, लोक मला मारतील.

मामा रिक्षाने जुन्या इमारतीत गेले. ऑफिसच्या दाराला काचेची पट्टी आहे. तिच्यातून रिकामी खोली दिसत होती, टेबलांच्या पायांचे फरशीवर उमटलेले डाग दिसत होते आणि कोपऱ्यातल्या फळीवर पेटी दिसत होती. हिरवा दिवा लागलेला. तब्येतीला काही झालेलं नव्हतं. मागच्या बाजूच्या बारीक भोकात टाचणी खुपसून धरली की ती सगळं विसरते आणि पहिल्यापासून शिकायला तयार होते. त्यासाठी दाराच्या आत जावं लागतं.

रखवालदाराला त्यांनी मीटरचं बटण बंद करून चालू करायला लावलं. दिवा गेला, आला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मामांनी नंबर लावला. तेच. सेव्ह केलं नसतं तर वीज जाताच पेटी जुन्या पत्त्यावर परतली असती. पण बदल केला की लगेच सेव्ह करायचं, हेही त्यांचं ठरलेलं.

"काच फोडतो, सांगेन मी साहेबांना," ते म्हणाले.

"साहेबांची जागा बारापर्यंत होती," रखवालदार म्हणाला. "आता तुम्ही आत गेलात तर चोर, आणि मी चोराचा भाऊ. लांबून बघा हवं तेवढं, बघायला मनाई नाही."

मॅनेजरनीही फोनवर तेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत.

मग मामांना आक्का आठवली. तिच्या इमारतीची लिफ्ट याच कंपनीची, आणि पावसात ओल धरली की तिसऱ्या मजल्याच्या वर आचके देणारी. आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती चौथ्या मजल्यावर राहते आणि रोज गुडघ्याच्या व्यायामाला जाते. लिफ्टच्या पत्र्यात मोबाइलला रेंज येत नाही. मध्यंतरी ती एकटीने जायला घाबरायला लागली, तेव्हा मामांनीच सांगितलं होतं, घंटा दाब, ती आमच्या ऑफिसात वाजते, ताई उचलतात. आता ती फोन उचलत नव्हती.

ते पोचले तर आक्का खाली वाण्याच्या दुकानाबाहेर खुर्चीवर बसून वाण्याच्या बायकोशी बोलत होती. मोबाइल घरी चार्जिंगला. मामांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, सोमवारपर्यंत लिफ्टने जायचं नाही.

"मग वर जाऊ कशी, तुझ्या खांद्यावरून?"

"आक्का, मस्करी नको."

"अरे, डॉक्टरांनी जिना बंद केलाय. तू लिफ्ट बंद कर. आता खिडकी तेवढी राहिली."

ते तिच्यासोबत लिफ्टमध्ये शिरले. पहिल्या मजल्याच्या पुढे मामांनी घंटेचं बटण दाबलं. छताजवळच्या जाळीतून रिंग ऐकू येऊ लागली.

"वाजतंय की," आक्का म्हणाली.

चौथा मजला आला, दार उघडलं, तरी रिंग चालूच होती. आक्का बाहेर पडली. मामा आतच थांबले, ती आपोआप बंद होईपर्यंत.

घरात पाणी पिताना मालकाचा फोन आला. तो सकाळी परत येतोय, फाटक उघडलं की किल्ली घेऊन हजर होतो म्हणाला. मामांनी आक्काला उद्याचा व्यायाम चुकवायला सांगून पाहिलं. ती म्हणाली, एक दिवस चुकवला तर हा गुडघा आठवडाभर रुसतो, आणि तुझी पेटी बिघडली म्हणून मी का अडकू?

जुन्या इमारतीचं फाटक रविवारी दहा वाजता उघडतं. आक्काची व्यायामाची वेळ साडेनऊची आहे.