काठावर उडणारं कुटार

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. रोज सकाळी दिवा लावायची, फुलं वाहायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. माझी मुलगी मुक्ता साध्या तापाचं निमित्त होऊन पाच महिने अंथरुणाला खिळली होती. हातापायांतली शक्तीच गेली होती तिची. डॉक्टरांनी तिला उभं केलं, चालवलं, पण डाव्या मुठीत पूर्वीची ताकद काही आली नाही. तीस वर्षं नेमाने पूजा करणाऱ्या बाईला हे फळ का, असा माझा सरळ हिशेब होता. माझा रुसवा माझ्यापुरता मोठाच होता.

मुक्ताचं वेड निराळं होतं. आम्ही अमरावतीचे, समुद्र कुठल्या कुठे. पण मोर्शीकडच्या धरणावर हौशी लोकांचा एक छोटा क्लब आहे आणि तिथे रविवारी संध्याकाळी शिडाच्या बोटींची शर्यत असते. आजारापूर्वी त्यात मुक्ताचं नाव होतं. बोटीत दोघं लागतात. एकजण सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, दुसरा पुढचं लहान शीड ओढतो आणि बोट कलली की वजन टाकून तिला सरळ ठेवतो. आजारानंतर तिच्याबरोबर बसायला कोणी तयार होईना. तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण सगळ्यांना नेमकी त्याच रविवारी कामं निघू लागली. तेव्हा मीच पदर खोचला. छपन्न वर्षांची बाई सलवार-कुर्ता नि लाइफ जॅकेट घालून बोटीत चढली, तेव्हा काठावर लोक हसले असतील. हसू देत. माझं बहात्तर किलो वजन जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी येत होतं.

पहिल्या दोन्ही शर्यतींत मुक्ताची मोठ्या शिडाच्या दोरीवरची मूठ सुटली, आणि क्लबच्या मोटरबोटीने आम्हाला दोर बांधून ओढत आणलं. दुसऱ्या खेपेला घरी येताना ती गाडीत एवढंच म्हणाली, "आई, आणखी एकदा असं ओढत आणलं ना, तर बोट क्लबले देऊन टाकीन. मग मले कोणी पाण्याचं नाव काढू नका." ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती रडली नाही, म्हणूनच मी घाबरले. आजारातून उठल्यापासून ती फक्त ह्या एकाच गोष्टीसाठी सकाळी बिछान्यातून उठत होती.

तिसऱ्या शर्यतीला पाच बोटी होत्या. नियम साधा होता. दिवस बुडायच्या आत शेवटच्या रेषेवर पोचायचं, तेही वल्हं न मारता. दोन बोटी लवकर पार झाल्या, आणि मग वारा पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबू लागली. मागच्या दोन बोटींनी हात वर केले नि मोटरबोटीने त्यांना नेलं. मग ती आमच्याकडे आली. चालवणारा भला माणूस होता. म्हणाला, "काकू, दोर घ्या. आता काई वारा येत नाई." मुक्ता माझ्याकडे पाहीना. दिवस टेकडीच्या वर चार बोटं उरला होता.

"थांबा जराक," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात लांबच्या काठाकडे लक्ष गेलं. हिवाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं नि मोकळ्या झालेल्या गाळात लोक हरभरा पेरतात. तिथे एक बाई तिपाईवर उभी राहून हरभरा उफणत होती. हल्ली हे काम मशीन करतं, पण वावरच टीचभर असेल तर कोण मशीन बोलावणार? माझं माहेर बार्शीटाकळीजवळचं, अशा खळ्यावर मी लहानाची मोठी झाले. तिच्या टोपल्यातून दाणे सरळ खाली पडत होते आणि कुटार, म्हणजे तो हलका भुसा, पाण्याच्या दिशेने तिरपा उडत होता. आमच्याकडे झुळूक नव्हती, पण त्या काठाला वारा होता.

"मुक्ता, थ्या काठाले घे."

"कावून? रेषा तं इकडे हाये."

"कुटार उडून राह्यलं तिथं. माह्यं ऐक."

मोटरबोटवाल्याला मी हात जोडून परत पाठवलं. मग उरलासुरला श्वासभर वारा पकडत आम्ही सरकू लागलो, अंगणात गोगलगाय सरकावी तसं. कितीतरी महिन्यांनी मी देवाशी बोलले. मागितलं मात्र काही नाही. माझी आई उफणायला उभी राहिली की "ये मारोतीबुवा" एवढंच म्हणायची आणि भरलं टोपलं डोक्याच्या वर धरून थांबायची. वारा आणणं तिच्या हातात नव्हतं, हात वर ठेवणं होतं. मीही तेवढंच म्हटलं. मनातला हिशेब त्या क्षणी कुठे गेला, कळलं नाही.

काठाजवळ येताच शिडं फुगली. मुक्ताने बोट रेषेकडे वळवली. बोट कलली, मी काठाच्या बाजूला अख्खी बाहेर झुकले. मुक्ताची डावी मूठ थरथरायला लागली. आजवर तिने मोठ्या शिडाची दोरी कोणाच्या हाती दिली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "आई, हे बी धर." दोन्ही दोऱ्या मी धरल्या, सुकाणू तिने. तळहात सोलवटले. दिवसाची कड टेकडीवर असताना आम्ही रेषा ओलांडली आणि पंचांची शिटी वाजली. नंबर तिसरा. पहिला आला असता तरी मी याहून ताठ मानेने उतरले नसते. माझी लेक आपल्या शिडावर घरी आली होती, आणि तिच्या बोटीवर मी होते. हा अभिमान मी देवासमोरही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नारळ नि खण घेऊन त्या काठावर गेले. ती बाई रास भरत होती. मी तिची ओटी भरली आणि काल तिच्यामुळे काय झालं ते सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मी तं काल घरी निघाली होती, बाई. दुपारपासून वाराच नोता. टोपलं खाली ठेवलं, अन् पाण्यात तुमची बोट दिसली. बाकीच्या गेल्या, तुमी उभ्याच. मनलं, ह्या बायका वाऱ्यासाठी थांबल्या, तं आपुनबी थांबू जराक. मंग वारा आला, अन् मी टोपलं उचललं."

मी वाकून तिच्या पाया पडले. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान असेल.