चाल्याच्या दिवशी हातोडी नाही

माझ्या नवऱ्याला बसता येत नाही. पाय धड आहेत, पाठ धड आहे, पण बसणं म्हणून जमत नाही. ताटलीत सूप वाढेपर्यंत तो दोनदा अंगणात जाऊन येतो. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तोंड उघडलं की नेमका याला बाहेरच्या कुठल्यातरी गाडीचा आवाज बिघडलेला ऐकू येतो. आमचं लग्न झालं तेव्हा तो पुलाकायोच्या खाणीत होता. खाणीत जीव रमेना म्हणून रेल्वेच्या कारखान्यात गेला. रेल्वेत मुकादमाशी वाजलं म्हणून सीमेपलीकडच्या देशात, कलामाला गेला. तिथून 'महिन्याभरात येतो' असा निरोप आला, आणि हा आला तेव्हा आमच्या देल्फिनाचे दुधाचे दात पडून नवे आले होते. नाव त्याचं सातुर्निनो. आमच्या उयुनी गावात सगळे सातुको म्हणतात. मी रागात असले की काहीच म्हणत नाही.

गाड्यांखाली मात्र तो टिकला. तिथे आडवंच व्हावं लागतं, येरझारा घालायला जागा नसते. अंगणात पत्रे टाकून त्याने गॅरेज काढलं आणि तेव्हापासून घरी आहे. म्हणजे अंगणात आहे.

आता त्या मंगळवाराबद्दल सांगते. कार्निव्हलचा मंगळवार म्हणजे आमच्याकडे चाल्या. घर, दुकान, गाडी, जे जे म्हणून आपल्याला पोसतं, त्याला त्या दिवशी कागदी पट्ट्यांनी आणि पाकळ्यांनी सजवायचं. आधी धरणीमायला पाजायचं, मग चाकांना, मग आपण प्यायचं. आणि एकदा लोखंडाला पाजलं की त्या दिवशी त्याच्यावर घाव घालायचा नाही. हातोडी नाही, छिन्नी नाही. पाहुण्याला जेवायला बसवून कुणी त्याच्या कानाखाली मारतं का? सातुकोने एका वर्षी हे मानलं नाही. त्याच्या डाव्या करंगळीचं नख अजून वाकडं उगवतं.

यंदा सजवायची होती ती देल्फिनाची जीप. पोरीने कितीतरी वर्षं पोतोसीच्या रस्त्यावर दुसऱ्याची व्हॅन चालवली, पै पै साठवली आणि गेल्या ऑगस्टमध्ये ही जुनी जीप घेतली. मिठाच्या रानात, म्हणजे गावाबाहेरच्या त्या पांढऱ्या सपाट पठारावर, प्रवासी न्यायचे तर चालकांच्या संघाकडून पाळी मिळावी लागते. बाईला पाळी द्यायची नाही, असं तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. संघाचे झेनोनकाका नुसतं 'बघू' म्हणायचे. जीप घ्यायच्या आधीपासून, दोन वर्षं ते बघत होते. शेवटी कार्निव्हलच्या तोंडावर म्हणाले, "बुधवारी सकाळची पाळी तुझी. जीप आली नाही तर पाळी पुढच्याची, आणि तू परत शेपटाला." परत शेपटाला म्हणजे पुन्हा दोन वर्षं बघू.

मंगळवारी सकाळी आम्ही आरशांना पट्ट्या बांधल्या, टपावर पाकळ्या उधळल्या. मी चारी चाकांना बिअर पाजली. सगळं रीतीने झालं. सातुकोने गुमान हात जोडून उभं राहायचं की नाही? तो मागच्या चाकाशी वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग त्याचं डोकं जीपखाली गेलं.

"देल्फिना," खालून आवाज आला, "ह्या शॉकअपचा खालचा रबरी बुश गेलाय. चुरा झालाय नुसता."

"किती दिवस काढेल?"

"दिवस कसले काढतेस? त्या खडबडीत रस्त्यावर तासाभरात तुटून लोंबकळेल. चार माणसं मागे बसवून अशी न्यायची नाही हां."

कार्निव्हलमुळे दुकानं बंद, पण कलामाहून मागवलेली शॉकअपची नवी जोडी फळीवर पडून होती. वरचा नट चटकन सुटला. राहिला खालचा एक. मी आधीच सांगितलं, "सातुको, लोखंडाने घेतलीय आज. हातोडी नाही."

"हातोडी कोण मागतंय? पान्याने येईल."

पान्याने आला नाही. पान्याला पाइप लावून ओढलं, तरी आला नाही. मग याने दातओठ खाऊन असा हिसका दिला की पाना सटकला आणि नटाचा एक कोपरा गोल झाला. सातुको खालून निघाला, दारापर्यंत गेला, परत आला, मला म्हणाला, "बघतेस काय?" आणि पुन्हा दारापर्यंत गेला.

 देल्फिना माझ्यावर गेलीय, तिचा राग वर दिसत नाही. जॅकच्या जोडीला जीपखाली लाकडाचे ओंडके नीट सरकवून ती आत शिरली आणि तारेच्या ब्रशने नट घासायला लागली. बराच वेळ नुसतं खर्र खर्र चाललं होतं. मग ते थांबलं.

"बाबा, जरा इकडे या. इथे तेलाखाली मीठ आहे."

मी सातुकोकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता.

मिठातून आलेली गाडी आमच्याकडे त्याच दिवशी गोड्या पाण्याने पोटाखालून धुतात. मग एक अख्खा दिवस उन्हात सुकवतात. आणि मगच तिच्या पोटाला जळकं तेल आणि डिझेल मारतात, म्हणजे पुढचं मीठ चिकटत नाही. ओल्यावरच तेल मारलं तर मीठ आतल्या आत कोंडून राहतं आणि निवांत लोखंड खात बसतं. उयुनीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ऑगस्टमध्ये जीप मिठातूनच घरी आली होती. देल्फिना व्हॅन घेऊन पोतोसीला निघाली होती, म्हणून बापाला सांगून गेली होती, धुवा, सुकवा, तेल मारा.

"सुकू दिली होतीत ना?" देल्फिनाने आतूनच विचारलं.

"दिली होती की."

"किती?"

"दुपारपर्यंत."

"आणि धुतली कधी?"

"अकराला," सातुको म्हणाला. मग जरा थांबून, "अकरा वाजून गेले होते."

मला इतका संताप आला की हातातली शेंगांची टोपली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. या माणसाला एक दिवस थांबवेना. माझं आयुष्य याच्या न थांबण्यात गेलं ते गेलं, आता पोरीची पाळीही याच्या पायी जाणार. मी तोंड उघडलं होतं, पण देल्फिना बाहेर आली. हात काळे, कपाळावर मिठाचा पांढरा पट्टा.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आज तरी थांबा."

तिने नटाच्या आट्यांवर गंज सोडवायचं तेल सोडलं आणि शेजारी मांडी घालून बसली. तेल आत उतरायला वेळ लागतो. सातुको बसला नाही. तो रस्त्यावर गेला. तिथे नाचणारी टोळी चालली होती, पोरं पाण्याचे फुगे मारत होती, फेस उडवत होती. परतला तेव्हा त्याच्या टोपीवर साबणाचा फेस होता, तो त्याने पुसलाही नाही. वाकून नटाकडे पाहिलं. मग पुन्हा बाहेर. देल्फिनाने पुन्हा तेल सोडलं. असं होता होता दुपार उलटून गेली, ढग जमायला लागले, आणि एकदा आत आल्यावर सातुकोची नजर हत्यारांच्या पेटीकडे वळली.

ती नजर मी ओळखते. मी उठले आणि पेटीवरच बसकण मारली. तिथेच शेंगा सोलायला घेतल्या.

"बेनी, ऊठ."

"बरी आहे मी इथे."

"चार ठोके, बास. गंज हलेल, नट येईल."

"माझ्या परकराखालून काढ हातोडी, हिंमत असेल तर."

"पोरीची उद्या पाळी आहे आणि तुला रीतभात सुचतेय?"

"पोरीचीच गाडी आहे म्हणून सुचतेय. तुझी असती तर मीच हातोडी दिली असती."

तो हसला नाही. खाली बसला, माझ्यासमोर, उकिडवा. आवाज अगदी बारीक करून म्हणाला, "माझ्यामुळे गेली ना तिची पाळी, तर मी काय करू, सांग." त्याच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. खाण सोडली तेव्हा नाही, कलामाहून आला तेव्हा नाही. माझं मन डळमळलं. वाटलं, देऊन टाकावी हातोडी, धरणीमायची समजूत मी नंतर काढेन. मी अर्धी उठलेही.

"आई, देऊ नकोस," देल्फिना म्हणाली. "एक कोपरा गेलाय. ठोकाठोकीत बाकीचे गेले तर पाना धरणारच नाही, मग छिन्नीशिवाय इलाज नाही. गॅसची बत्ती आणा, बाबा."

तापवणं म्हणजे ठोकणं नव्हे, यावर आम्हा तिघांचं एकमत झालं. सातुकोने इंधनाच्या टाकीच्या बाजूला ओलं पोतं लावलं आणि बत्तीची ज्योत नटावर धरली. कुजक्या रबराचा घाणेरडा वास अंगणभर सुटला. नट गरम झाला तेव्हा सातुकोला काहीतरी आठवलं.

"मेणबत्ती आण."

घरात एकच मेणबत्ती होती, कांदेलारिया मातेसमोरची, सणाला आशीर्वाद घेऊन आणलेली. मी मातेला म्हटलं, तुझंच लेकरू आहे, जरा उसनी दे. सातुकोने तिचं टोक गरम नटाला टेकवलं. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं, तहानलेल्याने पाणी ओढावं तसं.

आता देल्फिनाने पाना चढवला, उरलेल्या धड कोपऱ्यांवर, नीट दाबून. सातुको तिच्या बाजूला आडवा झाला आणि दोघांनी मिळून पाइप धरला. बाहेरून मला फक्त चार पाय दिसत होते.

"आधी आवळायचा," सातुको म्हणाला. "केसभर. सोडवायला घाई केली की तुटतो."

"हे तुम्ही सांगताय?"

"मला माहीत आहे सगळं. जमत नाही, एवढंच."

त्यांनी आवळला. मग उलटा जोर लावला. हिसका नाही, नुसता जोर, वाढवत नेलेला. सातुकोचे पाय टाचांवर घट्ट रोवलेले होते, नेहमीसारखे हलत नव्हते. मी शेंगा सोलायचं विसरले.

कट्, असा आवाज झाला.

तो आवाज नट सुटल्याचाही असतो आणि बोल्ट तुटल्याचाही.  रस्त्यावर ढोल वाजत होता, तो मला नकोसा झाला. मग पाना पुन्हा चढल्याचा बारीक आवाज आला, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

"येतोय," देल्फिना म्हणाली.  मी पेटीवर बसल्या बसल्या रडले. रडू आलं याचाही मला राग आला.

नवा शॉकअप बसवला तो नवीन बोल्टने, आट्यांना ग्रीस लावून. एकही ठोका न घालता. पाऊस सुरू झाला तेव्हा टपावरच्या पाकळ्या काचेवर उतरल्या होत्या.

बुधवारी सकाळी चर्चमध्ये रीतीप्रमाणे कपाळाला राख लावून देल्फिना निघाली. संघाच्या दारात झेनोनकाका होते. त्यांनी जीपला एक फेरी मारली, मागचं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाले, "बरं." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं. चार प्रवासी चढले, जीप मिठाच्या तोंडाशी असलेल्या कोलचानीच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

दिवस मावळेपर्यंत ती यायची होती. या दिवसांत मिठावर गुडघाभर नसलं तरी घोटाभर पाणी असतं, आभाळ आणि जमीन वेगळी ओळखू येत नाही, जुनी माणसंही वाट चुकतात. सातुकोने जीप धुवायला गोडं पाणी भरून ठेवलं, दोन पिंपं. सूर्य गेला. तो दारात गेला, आला. उत्तरेला वीज चमकली. तो पुन्हा गेला, या वेळी कोपऱ्यापर्यंत. मी चुलीपुढे बसून बटाटे सोलत होते. तो आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"नट मी नीट आवळलाय ना?"

"मला काय विचारतोस? मी पेटीवर बसले होते."

"आवळलाय. आवळलाय मी." तो दाराकडे वळला, परत फिरला. "बेनी, मी तिकडे कलामाला असताना... तू कशी गं बसायचीस?"

एवढ्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. मी बटाटा खाली ठेवला.

"बसत नव्हते," मी म्हटलं. "बघायला तू नव्हतास, म्हणून तुला वाटतं बसत होते."

 त्याने एक स्टूल ओढलं आणि तो माझ्या शेजारी बसला. खरंच बसला, हात मांडीवर ठेवून. त्याचा गुडघा हलत होता. मी त्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

बऱ्याच वेळाने कोपऱ्यावर जीपचे दिवे वळले. मिठाने ती वरपासून खालपर्यंत पांढरी झाली होती, आणि मागची बाजू सरळ, न डुलता येत होती. सातुको ताडकन उठला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"तू जा," तो म्हणाला. "मी थांबतो. अंगणाचं दार तू उघड."