शेवट उद्या

तुमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उद्या सकाळी उठायचं काय कारण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांची औषधं ठाऊक असतील, मुलगा कुठे असतो तेही असेल. मी ते विचारत नाही. मला हा प्रश्न शकूआत्यामुळे पडला, आणि ती गेल्यापासून तो मला माझ्याबद्दलही पडतो.

फोन तिच्या शेजारच्या गयाबाईंचा आला. मी संभाजीनगरला, ज्या छापखान्यात मुद्रितं तपासते तिथे होते. "तुझी आत्या सकाळी उठलीच न्हाई गं," त्या म्हणाल्या. आणि मग, "गोष्ट अर्धीच ऱ्हायली…" त्या शब्दांनी मला रडू फुटलं. कारण तीच गोष्ट माझीही अर्धी राहिली होती. आदल्या संध्याकाळी, रोजच्यासारखा फोन करून, आत्याने ती मला वाचून दाखवली होती.

माझं लहानपण पत्रकांवर गेलं. वडील ऊसतोड मजुरांच्या हक्कांसाठी काम करायचे. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त, त्यामुळे बाराखडीच्या जोडीने मी मागण्याही शिकले, आणि पुढे स्वतःही पत्रकं लिहून वाटू लागले. आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या गावी, पाटोद्यापासून आत, दोन खोल्यांत एकटी राहायची. दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, पोरंबाळं, सगळी कारखान्याकडे जातात. कुलपं लागतात आणि मागे म्हातारी माणसं उरतात. पहिले काही दिवस ती एकमेकांकडे जातात, मग हळूहळू जाणं कमी होतं, मग कुणी दुपारचं जेवणही करत नाही… एकट्यासाठी चूल कोण पेटवणार?

त्यांना आत्या दुपारी आपल्या ओट्यावर बसवायची आणि रद्दीतून आणलेल्या जुन्या दिवाळी अंकांतली एक गोष्ट वाचायची. सावकाश, मध्ये थांबत. गोष्टीची शेवटची पानं तिने आधीच कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याने बंद केलेली असत. चिमट्यापाशी आली की ती अंक मिटायची. "शेवट उद्या." मग कुणी कितीही गयावया करो. ओट्यावर येणाऱ्या दगडूनानांनी एकदा तिला पेरू देऊन शेवट काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. तिने पेरू खाल्ला, शेवट सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी शेवट वाचण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, रात्री त्याच्या मनात ती गोष्ट कुठवर गेली. लेखकाचा शेवट सगळ्यांत मागून. तो बहुतेकदा नानांना पसंत पडायचा नाही.

मला हे पटायचं नाही. गोष्टी वाचा आणि मन प्रसन्न ठेवा, असं सांगणाऱ्यांची मला आजही चीड येते. उसाच्या फडावर बाईला आडोसा नाही, पाणी नाही, आणि तुम्ही तिला मनःशांती शिकवणार? मी आत्याशी यावरून भांडायचे. ती एकदा म्हणाली, "तुज्या कागदात लोक मागत्यात. मागावंच. पण त्यात कुणी कुणाजवळ बसत न्हाई बाई."

पण एकदा सुट्टीत गावी गेले होते तेव्हा गयाबाईंचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा मुलगा जाताना भांडून गेला होता, आणि त्यांनी त्याचा फोन घेणं बंद केलं होतं. त्या दिवशीच्या गोष्टीतली आई स्टँडवर उतरलेल्या लेकीला ओळख न देता पुढे निघते, इथे चिमटा होता. दुसऱ्या दिवशी गयाबाईंची पाळी आली तेव्हा त्या बराच वेळ पदराशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या असते तर वळले असते." तात्पर्य काढायला तिथे बंदी होती. शेवट ऐकून झाल्यावर त्यांनी आत्याकडे आपला फोन दिला आणि मुलाला लावून दे म्हणाल्या. मी पत्रकं वाटून अनेकांना उभं राहताना पाहिलंय. कुणाला असं वळताना तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटची गोष्ट धरणात गाव गेलेल्या माणसाची होती. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, तो चिखलातून आपलं घर शोधत जातो, भिंती नसतात, फक्त उंबरा सापडतो. तो चपला काढतो आणि… "उद्या," आत्या फोनवर म्हणाली. मी चिडून म्हणाले, मला सकाळी काम आहे, आत्ता सांग. ती हसली. "कावून घाई करतीस? राहू दे त्येला उंबऱ्यात."

तेराव्यानंतरच्या दुपारी मी तिच्या खोलीत आवराआवर करत होते. बाहेर चाहूल लागली. गयाबाई, नाना आणि बाकीची सगळी आपापल्या जागी येऊन बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं. मी अंक घेऊन बाहेर आले. चिमटा तसाच होता. नाना म्हणाले, "वाच पोरी, एकदाचं कळू दे." मी चिमट्याला हात लावला, तोच गयाबाईंनी माझं मनगट धरलं. "ती गोष्ट ऱ्हाऊ दे. तिचं उद्या हाय त्यात. दुसरी काढ."

मी दुसरी काढली. अर्धी वाचली आणि थांबले. नाना म्हणाले, "आत्यावानीच खोडी हाय हिला."

आता छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत मी फोनवरून वाचते. गयाबाई आपला फोन ओट्यावर मधोमध ठेवतात. संध्याकाळी मात्र माझा फोन वाजत नाही. खोलीत मी असते, खिडकीत तो अंक असतो, चिमटा लावलेला. तो माणूस उंबऱ्यातच आहे. कधी कधी हात जातो… मी मागे घेते.

तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि मागायची मला सवय आहे. आज कुणा एकट्या माणसाकडे जा. एक गोष्ट वाचा, अर्धी. शेवट सांगू नका. आणि उद्या नक्की जा, कारण तिथे कुणीतरी वाट बघत असेल.