लागत नाही

बुलढाण्यात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी शालिग्रामभाऊंच्या दारात येतात. भाऊ मूळचे पिंपळगाव राजाचे, वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्या घरातले. मळ्यात त्यांचं मन रमलं नाही, आणि एकतीस वर्षं त्यांनी सरकारी जीप चालवली. लसीच्या पेट्या घेऊन ते सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना जात. पावसाळ्यात तिकडे रस्ता कुठे संपला आणि नाला कुठे सुरू झाला, हे उतरून पाहिल्याशिवाय कळत नसे.

त्या जीपमध्ये नेहमीच्या गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा होता. तो ओढला की मागच्या दोन चाकांबरोबर पुढची दोनही जोर लावतात. भाऊ त्याला "चार लागली" म्हणतात. चार खरंच लागली की नुसता दांडाच हलला, हे बाहेरून दिसत नाही. बाकीचे लोक त्यासाठी गाडीखाली शिरतात, जॅक लावतात. भाऊ फक्त डावा हात दांड्यावर ठेवत. चार लागली की तळव्यात एक ठोका येतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो आला तर गाडी घ्यायची. नाही आला, तर मालकानं पोराबाळांची शपथ घेतली तरी उठून चालू लागायचं.

"भाऊ, हे तर तुमच्या डाव्या हाताचा मळ!" कोणी तरी म्हणायचं.

"डावाच लागते बे," भाऊ म्हणायचे. "उजवा स्टिअरिंगवर असते."

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात त्यांची बायको अन्नपूर्णाबाई गेली. भाऊ रडले नाहीत. चौदाव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं अंगणातला मांडव सोडला, दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. "भाऊ मोठे धीराचे," असं सगळे म्हणाले. त्यानंतर घरात फार बोलणं राहिलं नाही. सहाला चहा, मग पेपर, मग ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत बसणं. छाया भाजीत मीठ बरोबर आहे का विचारायची. "बरं आहे," ते म्हणायचे. एकदा ती मीठ टाकायलाच विसरली, तेव्हाही बरं होतं.

छाया त्यांची एकुलती एक मुलगी, तेहतीस वर्षांची. शहरातल्या एका शाळेत ती भूगोल शिकवते. यंदाच्या मे महिन्यात मैत्रीण संजीवनीला घेऊन, स्वतःची गाडी चालवत, बुलढाण्याहून थेट तवांगपर्यंत जायचं तिनं ठरवलं होतं. रात्री गाडीतच झोपायचं, चूल सोबत न्यायची. त्या घाटांमध्ये चारही चाकं ओढणारी गाडी हवी, आणि तिच्या पगारात ती जुनीच येणार होती.

आत्यानं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "लग्नाच्या गाडीत बसायच्या वयात हे काय खूळ वं? अन् भाऊ, तू काही बोलून नाही राह्यला!"

"तिले रस्ता माहीत आहे," भाऊ म्हणाले.

छायानं मात्र त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. "बाबा, तुम्ही हो म्हणान तीच गाडी. तुम्ही नाही म्हटलं तर मी जात नाही. पहाडात बंद पडली तर तिथं तुम्ही नसान."

पहिली गाडी खामगावची. एका डॉक्टरांची, जपून वापरलेली. भाऊंनी पायाखालचं मॅटिंग उचलून पुराचा गाळ बसला आहे का पाहिलं. चेसीला कुठे वेल्डिंगचा डाग नाही ना, ते पाहिलं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, धूर नव्हता. मग ते सीटवर बसले, दांडा ओढला, थोडं पुढे गेले, परत ओढला. "नाही लागत," ते म्हणाले आणि उतरले.

दुसरी चिखलीची. तिथेही तेच. "नाही लागत." तो मालक चिडला, पण भाऊंशी वाद कोण घालणार? पुढे बुलढाण्यात त्याच्या गाडीचं नावही कोणी काढलं नाही.

सुट्ट्या लागायला अठरा दिवस उरले तेव्हा भाऊ आणि छाया एसटीनं दुसरबीडला गेले. तिथे प्रसेनजित नावाचा तरुण शेतकरी शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट घ्यायचा. त्याची जीप बारा वर्षांची, एमएच अठ्ठावीस म्हणजे बुलढाण्याचंच पासिंग, अंगावर ओरखडे. बसथांब्यावरून त्यांना घेऊन तो तिच्यातूनच शेतावर आला. भरदुपार होती. भाऊंनी सगळं पाहिलं. टायर जुने होते, क्लच नवा होता. मग ते आत बसले. दांडा ओढला. डोळे मिटले. पुन्हा ओढला.

छाया खिडकीपाशी उभी होती. उत्तर तिला त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसलं.

"नाही लागत," भाऊ म्हणाले.

प्रसेनजित हसला. "काका, आसं कसं? परवाच नाल्यातून ट्रॉली ओढून काढली हिनं."

"ट्रॉली मांगच्या दोनावरही निंघते."

"निघंल की. पण चार लागली होती, मी सांगतो ना."

"तू सांगतं बापा. हात नाही सांगत."

"हाताचं राहू द्या काका, जॅक आणतो." तो शेडकडे गेला सुद्धा. जाता जाता छायाकडे वळून म्हणाला, "ताई, काकांना राग नका येऊ देऊ. पण माझ्या गाडीला मी खोटं पडू देणार न्हाई."

आजवर भाऊंच्या शब्दानंतर कोणी जॅक आणला नव्हता. ते बांधाशी उभे राहिले. प्रसेनजितनं मागच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, दांडा ओढला, आणि पुढचं एक चाक जमिनीवरून उचललं. हिशेब सरळ होता. चार लागली नसेल तर उचललेलं चाक हातानं फिरेल. लागली असेल तर फिरणार नाही.

"फिरवा काका."

भाऊ खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी चाक धरलं आणि जोर लावला. चाक हललं नाही. उलट्या बाजूनं लावला. चाक तसंच. प्रसेनजितनं आत जाऊन दांडा सोडला, तेव्हा ते सहज फिरलं. परत ओढला, परत अडकलं.

"लागली ना?" तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

भाऊ उठले. उठताना त्यांनी आधाराला बोनेटवर डावा हात टेकला, आणि तो तसाच राहिला. छाया जवळ गेली. तिनंही सहज बोनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तापलेल्या तव्यासारखा होता.

"बाबा! हात काढा!"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. मग उचलला. तळवा लाल झाला होता. दुसऱ्या कोणाची वस्तू पाहावी तसा ते तो उलटसुलट करून पाहत राहिले.

प्रसेनजितनं विहिरीचं पाणी आणलं. भाऊ शेडच्या सावलीत बादलीत हात बुडवून बसले.

"कधीपासून?" छायानं विचारलं.

"मालूम नाही."

"मांगच्या महिन्यात चप्पल रस्त्यात राह्यली होती तुमची. घरी आल्यावर कळलं. मले वाटलं, ध्यान नसन."

"मलेही तेच वाटलं." मग ते म्हणाले, "शुगरवाला डॉक्टर इचारत होता, मुंग्या येतात का. म्हटलं, नाही. मुंग्या येत नाहीत. काहीच येत नाही."

बादलीतलं पाणी स्थिर झालं. मग त्यांनी तिला खामगावच्या डॉक्टरांना आणि चिखलीच्या मालकाला फोन लावायला सांगितलं. दोघांशीही ते एकच वाक्य बोलले. "मी शालिग्राम. तुमची गाडी मी खराब म्हटली. जॅक लावून पाहा, गाडी चांगली असन, माझा हात खराब होता." पलीकडचे काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही.

फोन परत देताना ते म्हणाले, "तुह्या आईचा हात याच हातात व्हता."

छाया त्यांच्या शेजारी खाली बसली.

"दवाखान्यात. मी धरून बसलो व्हतो. नर्स आली अन् म्हणे, काका, सोडा आता. मी म्हटलं, झोपली आहे. नर्स म्हणे, थंड पडल्या केव्हाच्या. मले काही समजलंच नाही. हात धरून बसलेल्या माणसाले समजू नये?" त्यांचा आवाज सपाट होता, गाडीचा नंबर सांगावा तसा. "तवापासून वाटते, आपल्याले आता काही लागत नाही. आतूनच."

"आतून नाही बाबा. हाताचंच होतं ते."

"असन," भाऊ म्हणाले. "दोन्ही असन."

छायानं त्यांचा हात पाण्यातून काढून ओढणीनं पुसला. हात तिच्या हातात नुसता पडून होता.

"जाऊ द्या बाबा," ती म्हणाली. "तवांग पुढच्या वर्षी."

"काऊन?"

"तुम्हीच तर... आता कोण पाहणार गाडी?"

भाऊंनी शेताकडे पाहिलं. पलीकडे कांदा काढून नांगरलेला तुकडा होता, डोक्याएवढी ढेकळं. "चाबी घे. तिथं घाल गाडी. मधात उभी कर, दांडा ओढ अन् हळू काढ."

"मले समजन का?"

"नाही समजणार. मी पाहतो."

छायानं जीप ढेकळांत घातली. मधोमध थांबवली. मागची चाकं भुसभुशीत मातीत बसली होती. तिनं दांडा ओढला. हाताला काहीच जाणवलं नाही. तिनं क्लच सोडला. भाऊ बांधावर ओणवे झाले, गुडघ्यांवर हात टेकून. त्यांचे डोळे पुढच्या चाकांवर होते. उजव्या चाकानं माती उडवली. मग डाव्यानं. जीप डुलत डुलत ढेकळांवरून वर आली आणि त्यांच्यासमोर येऊन थांबली.

छायानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लागली का हो बाबा?"

"दिसली तर खरी," भाऊ म्हणाले. "घे."